रकाना सात

बामणोलीच्या धक्क्यावरची पाटी नवी आहे,
रंग अजून बोटाला लागतो :
‘लाँचवर शौचालय असल्यास टाकी बंद ठेवावी.
टाकी किनाऱ्यावरच रिकामी करावी.
पाण्यात सोडल्यास दंड.’
दंडाचा आकडा दिसत नाही,
तंबाखू मळून कुणीतरी
उरलेला चुना तिथेच पुसलाय.

मी बाटल्या मोजते. बारा.
बर्फाच्या डब्यात उभ्या, गळ्यात दोऱ्याने चिठ्ठी.
धाकलू सपकाळ दोर सोडतो, इंजिनाला दोन हिसके,
तिसऱ्याला ते खोकत सुरू होतं.
‘पयला नमुना माज्याच बोटीखालचा घ्या, म्याडम,
म्हंजे ते एक मिटलं.’

त्याच्या लाँचवर एकच संडास, पत्र्याचा, कपाटाएवढा.
खाली चाळीस लिटरची निळी टाकी.
किल्ली त्याच्या करगोट्याला.
वासोट्याला निघालेलं पोरगं अगदीच कळवळलं तर देतो,
परत घेताना आधी हात धुवायला लावतो.

मधल्या पाण्यावर तो इंजिन बंद करतो.
मला सांगावं लागत नाही. नमुना तीन.
‘हितं खाली आमच्या आज्याचं खळं,’ म्हणतो,
पुढे गतिरोधक आहे म्हणावं तसं.
‘बापानं ह्या पाण्यात कदी धार सोडली न्हाई.
दंडबिंड नव्हता तवा.
खळ्यात कोण मुततं व्हय?’

बाटली उलटी धरून हातभर खाली नेते, मग सरळ करते.
एक बुडबुडा वर येतो आणि फुटतो.
पाणी काचेत शिरतं, गार,
त्यातून धाकलूचा अंगठा दिसतो, नखातल्या ग्रीससकट.

नमुना सात रिसॉर्टच्या पायऱ्यांखाली.
हिरवळीतून एक सहा इंची पाइप येतो,
त्याच्या तोंडाशी कर्दळ लावलीय, फार निगुतीने.
इतकी माजलेली कर्दळ मी कुठे पाहिली नाही.
इथे मी श्वास धरून वाकते.
‘ह्याला बी बोटच म्हना की,’ मागून धाकलू.
‘साठ खोल्यांची. हालत न्हाई एवढंच.’

त्याची टाकी भरली की फोन करायचा.
टँकर येतो, टाकी किनाऱ्यावरच रिकामी होते,
गुलाबी पावती मिळते.
एकदा पावती खिशात घालून
तो मोटारसायकलवरून टँकरच्या मागे गेला.
दुसऱ्या वळणाला, मोरीपाशी, टँकर थांबला.
मोरीखाली ओढा.
ओढा कुठे उतरतो ते त्याने मला सांगितलं नाही,
मीही विचारलं नाही.
हल्ली तो परसात खड्डा खणतो, वर राख टाकतो,
आपली टाकी आपणच जिरवतो.
पावती नसते. दोनदा दंड भरलाय.

फॉर्मवर रकाना सात :
‘प्रदूषणाचा स्रोत. बोट / इतर. लागू नसेल ते खोडा.’
‘इतर’च्या पुढे जागा अर्धा इंच.

या पाण्याला वाटा दोन.
एक धरणाच्या दारातून कऱ्हाडला, कृष्णेत, सांगलीवरून
पार उगवतीच्या समुद्राला.
दुसरी सह्याद्रीच्या पोटातून, अंधारातून,
पोफळीला दिवे लावून वाशिष्ठीत,
वाशिष्ठीतून दाभोळच्या खाडीत.
त्या खाडीवर धाकलूची पुतणी सुरंगा दिलेली.
शिमग्याच्या आधी दरवर्षी सुकट पाठवते.
यंदा पुडकं निम्मं, आणि आत वहीच्या कागदावर :
‘काका, तिसऱ्या मिळेनात.
सायेब आले होते. पाटी लावून गेले,
होड्यांनी घाण करू नये म्हणून.’
कागद त्याने लाँचच्या परवान्यामागे खोचून ठेवलाय.
मी वाचला, परत दिला.

धक्का. साताऱ्याची एस.टी. साडेचारला.
बर्फ सुटायला लागलाय.
डब्यावर फॉर्म ठेवून मी ‘बोट’ खोडते,
‘इतर’पुढे लिहू लागते : पाइप, कर्दळ, मोरी,
अर्धा इंच संपतो, समासात वळते,
समासही संपतो,
पान उलटं करते.

डबा चढवायला धाकलू आत येतो,
सीटखाली नीट टेकवतो.
‘पाय लावून बसा,’ म्हणतो,
‘घाटात रस्ता लई खराब हाय.
सात नंबरची सांडू देऊ नगा.’