बारा चोक अठ्ठेचाळीस

सानगडीत, राईस मिलच्या मागच्या खोलीत
भंगारातून किलोच्या भावानं आणलेला सर्व्हर.
कोंडा शिरू नये म्हणून तोंडाला माझी जुनी ओढणी,
पोटात बत्तीस जीबी मेमरी.
त्यात मी बारा राउटर उभे केलेत,
ज्यांना पत्रा नाही, दिवा नाही, पंखा नाही.
नावं मात्र आहेत: लाखनी, सौंदड, पालांदूर, अर्जुनी…
प्रत्येकाला सांगितलंय, चार जीबी तुझी.
हिशेब मलाही येतो.
पण आपला सगळा वाटा
सगळे एकाच वेळी मागत नाहीत,
एवढ्याच भरवशावर चाललंय.

यादोराव कापगते, तलावाचे पाणकर,
मोबाइल चार्जिंगला लावायला आले
आणि स्क्रीनकडे बघत बसले.
"हे त तुडुमासारखंच झालं हेमलता.
पानी तेवढंच, बांध्या जास्त.
सगळ्याइले हो म्हनाचं, अन् रातभर जागाचं."

बाराही एकाच फाइलीतून जन्मलेले.
सुरुवातीला सगळ्यांच्या डोक्यात तीच पानं,
अक्षराला अक्षर.
हायपरवायझर खाली एकच प्रत ठेवतो,
बाराजणांना वाटतं, आपलीच.
मग एखादा त्या पानावर
स्वतःचं काही लिहायला जातो,
एखादा शेजारी, एखादी वाट,
आणि त्याचं पान वेगळं होतं.
वेगळं व्हायला जागा लागते.
मोकळी नऊ होती. सात. साडेचार.

काल रात्री मी पालांदूरला
अख्ख्या इंटरनेटच्या वाटा शिकायला बसवलं,
नऊ लाखांच्या वर.
तो शिकत गेला.
मी बाकीच्यांच्या पोटात फुगे फुगवले,
रिकामं असेल ते परत द्या म्हटलं.
अर्जुनीनं दिलं. सौंदडनं दिलं.
तरी डिस्क करकरू लागली,
मिल बंद असतानाही खोलीत काहीतरी दळलं जात होतं.

मग कर्नेलनं एकाला मारलं.
ज्यानं सगळ्यात जास्त धरून ठेवलंय, तोच निवडतो तो,
म्हणजे जो सगळ्यात जास्त शिकला होता.

लाखनी त्याला हॅलो म्हणत राहिला,
दहा सेकंद, पुन्हा दहा,
चाळीस झाल्यावर नाव खोडलं.
नियमच तसा आहे, राग नाही त्यात.
मीच जरा वेळ
काळ्या खिडकीपुढे बसून राहिले.

पहाटे पालांदूरला पुन्हा उठवलं.
सहा दिली, आणि ती पक्की बांधून:
कुणी मागितली तरी निघायची नाही.
सौंदडची चाराची दोन केली.

सकाळी यादोराव चार्जर न्यायला आले.
"कोनाचं कापलं?"
"सौंदडचं."
"सांगतलं का त्याले?"

मी हसले. ते नाही हसले.
रोवणीच्या दिवसांत ज्याचं पाणी तोडतात
त्याच्या दारात ते स्वतः जातात,
चप्पल बाहेर काढून.