मागे काय आहे

इसाक होडेकरच्या दुकानातला पंखा
फक्त त्याच्या एकट्यावर फिरतो.
भिंतीवर साखळीत ओवलेल्या नळ्या,
कोपऱ्यात रंगाचे डबे, जाळ्यांची सुतळी, गळ,
कारण नुसत्या बंदुकांवर राजापुरात
कुणाचं पोट भरत नाही.

परवाना उलटसुलट बघितला त्यानं.
यांच्या नावावर फुली, खाली माझं नाव,
शेतीसंरक्षण. रानडुक्कर. एक नग.

"रायफल मग बघू. आधी काडतूस ठरवा, ताई.
पायाच्या मापानं चप्पल घेतात,
चपलेच्या मापानं पाय नव्हे."

काचेवर पेपर अंथरून
त्यानं ती मांडली, लहान-मोठी,
पाटीवर बांगडे मांडावेत तशी.

"ही तीस-शून्य-सहा. पल्ला मोठा.
पलीकडच्या डोंगरावरचं जनावर पाडेल."
"पलीकडच्या डोंगरावर माझी नणंद राहते."
हसला नाही.
नोंदवहीत लिहिल्यासारखी मान हलवली,
आणि ती उचलून परत खोक्यात ठेवली.

"ही तीनशे पंचाहत्तर.
कुणा सरदारानं गव्यासाठी मागवलेली.
आता गव्याला हात लावायचा नाही
आणि ही कुठं मिळायची नाही. नुसती बघा."
बघितली. माझ्या मधल्या बोटाहून लांब, गार.
हातातून ठेवावीशी वाटली नाही,
म्हणून लगेच ठेवली.

"ही तीनशे पंधरा. आपल्याकडची.
हिचं टोक कडक. हिचं मऊ, उघडं शिसं."

तेव्हा मी बटव्यातून छर्रा काढला.
काचेवर घरंगळत पट्टीला जाऊन अडला.

त्यानं चष्मा लावला.
"एलजी. एका काडतुसात सहा."
"पाच कोर्टात जमा आहेत."

सहावा काजूच्या खोडात होता.
झाड पावसाळाभर त्याच्याभोवती डिंक गाळत राहिलं.
दिवाळी झाल्यावर कोयत्याच्या टोकानं मी तो उकरला,
चिकानं बोटांची सालं गेली,
आठवडाभर भाकरी थापता आली नाही.
कुणाला सांगितलं नाही का थापत नाही ते.

मधू बाईतानं डुकरावरच झाडली होती.
डुक्कर होतंही,
सुरणाच्या वाफ्यात सकाळी खूर होते, सगळ्यांनी बघितले.
फक्त त्याच्या बॅटरीचे सेल उतरले होते,
आणि डुकराच्या मागे, पाणंदीत,
हे वाकले होते
सुटलेली चप्पल शोधायला.

"यातली कुठली," मी विचारलं,
"जनावरात शिरून जनावरातच राहते?"

होडेकरनं मऊ टोकाची पुढं सरकवली.
"ही आत गेली की अळंबीसारखी उमलते.
शंभरातल्या नव्वद वेळा बाहेर येत नाही."
"आणि दहा?"

बाहेर रिक्षावाला कुणाशी तरी भांडत होता.
तो संपेपर्यंत होडेकर थांबला.
"ताई, मागे काय आहे
ते काडतूस बघत नाही."

मऊ टोकाचीच सांगितली. दहा.
रायफल कानपुराहून यायला महिना,
काडतुसं तिच्यासोबतच मिळणार,
आज नुसती वहीत नोंद आणि पाचशे आगाऊ.
छर्रा त्यानं रुमालानं पुसून परत दिला,
का पुसला कोण जाणे.

जैतापूर गाडीत सुटे पैसे देताना
नाण्यांसोबत तोही कंडक्टरच्या तळहातावर गेला.
"काकी, हा चालायचा नाही."
घेतला परत.

गाडी पुलावर आली तेव्हा आठवलं:
बॅटरीचे सेल राहिले.

रायफलला अजून महिना आहे, मला कळत होतं.
तरी घंटी मारायला लावली, उतरले.
पुढची गाडी दीड तासानं.
उन्हातून मागे चालत गेले,
दुकानदाराला म्हटलं, चार द्या,
आणि इथंच घालून, पेटवून दाखवा.