सांवेर रोडचा पलटी नांगर

नवा निळा रंग. मी नखानं खरवडला:
खाली लाल, त्याखाली वेल्डिंगची शिवण.
"एक ही सीजन चला है," गेंदालालजी म्हणाले.
पान्यानं ठोकलं. पहिला फाळ खणखणला,
दुसरा भद्द वाजला.

माती उलथणारा पत्रा मात्र आरसा,
त्यात माझं वाकडं नाक, मागे त्यांची म्हैस.
डावी पट्टी झिजून पापडाएवढी:
कुणीतरी वर्षानुवर्षं हा तिरका ओढला,
मागे वळून एकदाही पाहिलं नाही.

"चलाया किसने?"
"मैंने ही." हात मानेवर गेला.
"गरदन नी घूमे, बाई."

बाकीची घासाघीस मी गिळली.
टॉप लिंक दोन आटे आवळली,
दुसऱ्या फाळाचे तेवढे
पैसे कापले.