तीसचा वेग

आणली तेव्हा ती गाडी नव्हती,
बर्चच्या झाडाखाली बसकण मारलेला
तपकिरी ढीग होता.
होल्मफ्रिडच्या सुनेने पैसेही घेतले नाहीत.
म्हणाली, न्या, जागा तरी मोकळी होईल.
साठच्या दशकातली व्होल्वो ड्युएट.
मागच्या सीटमध्ये उंदरांनी संसार थाटलेला,
ब्रेकच्या पेडलखाली थेट जमीन.

तीन हिवाळे गेले.
बाहेर उणे सव्वीस, गॅरेजात रॉकेलचा हीटर,
पुढून भाजायचं, पाठीकडून गोठायचं.
चांगला पत्रा लागेपर्यंत गंज कापायचा, असं ठरवलं
आणि चांगला पत्रा लागेचना.
काही नट तेलाने ऐकले, काही आगीने.
एकाने शेवटपर्यंत ऐकलं नाही,
त्याला आम्ही सिक्स्टेन म्हणायचो.
हे माझ्या सासऱ्यांचं नाव.

टूव्हा दिवा धरायची.
अकरा वर्षांची होती तेव्हा हात दुखले
की उजेड हळूहळू जमिनीवर उतरायचा.
पुढे पुढे मी न मागताच
दहाचा पाना समोर यायला लागला.
दारावरचा निळा रंग घासताना
पहिलं अक्षर तिलाच सापडलं.
मग रात्री अकरापर्यंत उठली नाही.
'बेर्गलुंड बेकरी', खाली तीन आकडी फोन नंबर.
तिने तो लावूनसुद्धा पाहिला.

मी मात्र मूळ रंगाचा डबा आणून ठेवला होता,
कारखान्याच्या कोडसकट.
जशी निघाली तशी करायची,
एक स्क्रूसुद्धा परका नको.
पंधरावं लागायच्या आदल्या महिन्यात ती म्हणाली,
बाबा, हिचा ट्रॅक्टर करू या.

आमच्याकडे असा कायदा आहे.
मागची सीट काढा, हौदा बसवा,
वेगाला तीसवर वेसण घाला,
पाठीवर लाल त्रिकोण लावा,
की मोटारीला ट्रॅक्टर म्हणतात
आणि पंधराव्या वर्षी पोरं रस्त्यावर.
मैत्रिणीचं गाव बावीस किलोमीटर.
बस दिवसातून दोनदा, रविवारी तीही नाही.

आठ दिवस मी जेवताना फक्त मीठ मागितलं.
सीव रात्रपाळीहून आली,
बूट काढता काढता म्हणाली,
पाव पोचवणारी गाडी होती ती, एवर्ट.
तू तिला देव्हाऱ्यात बसवायला निघालायस.

खडूची रेघ मीच मारली.
पुढच्या दारामागून वर, छपरावरून पलीकडे.
ग्राइंडर टूव्हाच्या हातात दिला,
तिचा चष्मा घट्ट केला.
पहिली ठिणगी उडाली तेव्हा
मी काहीतरी शोधायला खाली वाकलो.
काय, ते आता आठवत नाही.

एका गिअरबॉक्समागे दुसरा जोडला.
बेकरीच्या अक्षरांवर रंग नाही,
ती म्हणाली, वरून नुसतं वार्निश.
माझा डबा फळीवर आहे,
झाकणसुद्धा उघडलेलं नाही.

मे महिना. तळ्यावरचा बर्फ काळा पडलाय.
ती पुढे, तीसच्या वेगाने,
लाल त्रिकोण खड्ड्यांवर थरथरतोय.
तिच्यामागे मी, माझ्यामागे लाकडांचा ट्रक,
त्यामागे कोण कोण, सगळे हॉर्न वाजवतायत.
तिने खिडकीतून हात काढला,
पुढे जा, पुढे जा.

मी पाहिलंच नाही असं दाखवलं.