हिरव्याची वाट

तिसऱ्या दिवशी सुरंगीच्या डाव्या डोळ्यातून
पाणी नाही, पू यायला लागला,
दाट, शिळ्या पेजेवरच्या सायीसारखा,
आणि गालावरच्या त्या ओल्या ओघळावर माश्यांची जत्रा.

बाबलो म्हणाला, धुळीचं असणार.
खाण बंद होती तेव्हा वाईट, सुरू झाली तेव्हाही वाईट,
पिसुर्ल्यात काहीही झालं तरी बोट धुळीकडेच जातं.
मध घाल म्हणाला. त्याची आई म्हणाली, तुरटी.

मी काय केलं ते सांगतो.
फ्रिजच्या दारात माझी बाटली होती,
मोतीबिंदू काढला तेव्हाची, अर्धी उरलेली.
चोवीस वर्षं खाणीच्या काट्यावर ट्रक मोजले मी,
उरलेलं टाकायचं नाही हे हाडात बसलंय.
दोन थेंब सकाळी, दोन रात्री.
कुमुदिनीने विचारलं, तारीख पाहिलीत?
पाहिली नव्हती.

डॉक्टर मिनेझिस वाळपईहून स्कूटरवर आल्या.
आधी घोडीशी बोलल्या, मग माझ्याशी.
बाटली उजेडात धरून वाचली.
"हें कोणें घालूंक सांगलें?"
बुबुळावर ओरखडा असेल, त्या म्हणाल्या,
तर ह्या औषधाने तो भरत नाही, खोल जातो.
डोळाही जातो.
एवढंच. आवाज चढवला नाही.
चढवला असता तर बरं झालं असतं.

मग कागदाची एक पट्टी, केशरी टोकाची,
पापणीआड टेकवली,
आणि सुरंगीचा डोळा हिरवा झाला.
दुसराही. गोणपाट ओढा, त्या म्हणाल्या, अंधार करा.

शिगम्याला कमरेला घोडा बांधून नाचलोय मी,
बांबूचा, रंगाऱ्याने डोळे काढलेला.
त्याने कधी पापणी मिटली नाही.
मला वाटायचं, मला घोडा कळतो.

निळ्या बॅटरीत डॉक्टर पाहत राहिल्या.
मी कुमुदिनीकडे, ती सुपारीच्या झाडांकडे.
"ओरखडा नाही."
मी बादली उपडी घातली आणि तिच्यावर बसलो.

डोळ्यातून नाकात एक वाट असते.
मोकळी असेल तर हिरवं नाकपुडीत उतरेल, थांबा.
आम्ही तिघं एका घोडीच्या नाकाकडे बघत.
उजवीकडे उतरलं.
डावीकडे नाही.
दुपारची बस साखळीकडे गेली, रिकामी.
डावीकडे नाही.

मानेत सुई. सुरंगीचं डोकं माझ्या खांद्यावर आलं,
भाताच्या पोत्याएवढं जड, गरम.
नाकपुडीच्या कडेला एक बारीक भोक असतं,
साठ वर्षांत मला माहीत नव्हतं.
तिथून नळी, खारं पाणी, हळूच दाब.
परत आलं. पुन्हा. परत आलं.
तिसऱ्या वेळी आत काहीतरी सुटलं
आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून वर आली
तांबडी गाठ: माती, पू, गवताचं एक कुसळ.
मागोमाग स्वच्छ पाणी.
मग सुरंगी शिंकली, झोपेतल्या झोपेत,
आमच्या तिघांच्या अंगावर, हिरवी.
डॉक्टर पहिल्यांदाच हसल्या.

शनिवारी सगुणचा फोन आला, जहाजावरून.
कोलव्याच्या वाळूत पर्यटक फिरवायला त्यानेच आणलेली ही,
धंदा बुडाला आणि मामाकडे सोडली.
बरी आहे म्हणालो. कुसळाचं सांगितलं.
बाटलीचं नाही.

आता सकाळ-संध्याकाळ
उकळून निववलेलं पाणी आणि कापूस,
आतल्या कोपऱ्यातून बाहेर,
एका पुसण्याला एक बोळा.
बोळे मोजतो, जुनी सवय.
शर्टावरचा हिरवा डाग दोन धुण्यांत गेला.
तिचा डोळा काळाभोर आहे, त्यात गोठ्याचं दार दिसतं,
दारात मी.
जवळ गेलो की
तोच डोळा ती आधी मिटून घेते.