सहा पौंड

रुझारने गाडी आणली ती वाजतच.
फर्मागुढीच्या चढावर म्हणे, तिसऱ्या गियरमध्ये,
पत्र्याच्या डब्यात कुणी वाटाणे हलवावेत तसा आवाज.
बोनेट उघडायच्या आधी मी त्याचे कान पाहिले,
लाल होते.

"सहावरच आहे, अंकल."

सहावर मी ठेवलं होतं.
वेस्टगेटच्या दांडीवर नट आवळून
बायकोच्या नेलपॉलिशचा एक ठिपका दिला होता,
अर्धा नटावर, अर्धा आट्यांवर.
आता दोन अर्धुकं एकमेकांकडे पाठ करून बसलेली.
म्हणजे दहा. अकराही असेल.

मी बोललो नाही.
चार प्लग काढून वर्तमानपत्रावर मांडले,
भिंग त्याच्या हातात दिलं.
तिसऱ्याचं पोर्सलीन बघ.
त्याला दिसले मिरीच्या पुडीसारखे ठिपके,
उन्हात धरल्यावर चकाकणारे.
"हे काय?"
तुझा पिस्टन. थोडा थोडा बाहेर येतोय.

किती बूस्ट चालेल, सगळे आकडाच विचारतात,
जसं गोळीचं विचारावं, सकाळी एक, रात्री एक.
हे इंजिन ज्यानं आखलं
त्याच्या डोळ्यांपुढे तू नव्हतास रे.
कुंडईला कामाला जाणारा कुणी होता,
मागे दोन मुलं, डिकीत नारळ,
बोरीच्या पुलावर ट्रकमागे निमूट चालणारा.
ओतीव पिस्टन, बारीक कनेक्टिंग रॉड,
हवा आधीच दहापट दाबलेली.
स्वतःच्या नाकानं श्वास घेणारं यंत्र,
आणि तू त्याच्या तोंडात फुंकतोस.

थोडं सोसतं ते.
आखणाऱ्यानं शिल्लक ठेवलेली असते, कुठे न लिहिता,
तुझे पप्पा बोटीवरून पैसे पाठवताना
थोडे स्वतःजवळ ठेवतात ना, तशी.
ती किती ते मोडल्यावरच कळतं.

आणि सहा म्हणजे नेहमी सहा नव्हे.
जानेवारीतल्या पहाटेचे सहा वेगळे,
मे महिन्यातल्या दुपारचे वेगळे,
मार्दोळला फुलवाल्या जाईवर ओला कपडा टाकून बसतात
आणि इंटरकूलरला हात लावला तर चटका बसतो.
त्यात कुठल्या पंपावरचं पेट्रोल, देव जाणे.
काटा तेच दाखवतो.
काट्याला काय, त्याला फुटायचं नाही.

"पप्पांना सांगू नका," तो म्हणाला.
बेनित मोटरमन आहे, सध्या सिंगापूरच्या पुढे कुठेतरी.
त्याच्या इंजिनावरचा टर्बो माझ्या शेडएवढा.
पण ते इंजिन जन्मल्यापासून त्याच्या नावाचं.
मागे एकदा फोन आला होता त्याचा, रात्री दीडला,
मागे धडधड,
"पोरानं काय बसवलंय? किती ठेवलंस?"
मी म्हटलं, सहा.
बराच वेळ नुसती धडधड ऐकू आली.
मग म्हणाला, "पाच कर."
मी केलं नव्हतं.
हे रुझारला मी सांगितलं नाही.

खिडकीतला पिस्टन त्यानं उचलला,
भसाभसा पेन्सिली गळाल्या खालून.
"हा कुणाचा?"
माझा. एकोणीसशे अठ्ठ्याण्णव.
भोकातून त्यानं माझ्याकडे पाहिलं
आणि पहिल्यांदा हसला, कारटा.

कॉम्प्रेशन घेतलं.
एकशे पंचाहत्तर, एकशे सत्तर,
एकशे पंचावन्न, एकशे सत्तर.
तिसरा दमलाय, मेलेला नाही.
टायमिंग दोन अंश मागे,
एक नंबर थंड प्लग,
नट उलटा फिरवला. पाच.
मोजून पाच, बेनित.

ठिपका मी देतो, रुझार म्हणाला.
हात कापला त्याचा,
निम्मं पॉलिश नटावर, निम्मं स्वतःच्या अंगठ्यावर.
तो पुसत पुसत गाडीत बसला.

मी रस्त्यावर येऊन उभा राहिलो, कान चढाकडे.
पहिला. दुसरा.
तिसरा टाकला असेल नसेल
तेवढ्यात खडीचा ट्रक मधे आला
आणि पुढचं मला काही ऐकू आलं नाही.