आठ आऱ्यांचं चाक

तिकडं वेल्समध्ये, सुकेशिनीच्या शेजारी
ग्वेन नावाची बाई राहते.
तिच्या भिंतीवर एक चाक आहे, आठ आऱ्यांचं.
फोन भिंतीकडं धरून लेक म्हणली,
बाबा, हे तिचं वर्ष.

मी हसलो.
आठ आऱ्यांवर कडब्याची गाडी चार पावलं जायची नाही.
मी बारा आऱ्यांचा माणूस, सहा पुट्ठ्यांचा.
दर तीन वर्षांनी येणारा तेरावा महिना
कुठं ठोकायचा, ते मात्र कोणत्याच सुताराला ठाऊक नाही.
ग्वेनला हे सांगितलं तर फार वेळ हसली म्हणे.

मग रविवारी रविवारी एकेक आरा समजून घेतला.
ऑक्टोबर सरताना मेलेली माणसं येतात,
त्यांचं ताट वाढून ठेवायचं.
(आमच्यात भादव्यात. सुकेशिनीच्या आईला कारलं लागतं.)
मे महिन्यात खांबाला रंगीत फिती.
आणि डिसेंबरात, सगळ्यांत मोठ्या रात्री, एक ओंडका,
गेल्या सालच्या ओंडक्याच्या कोळशानं पेटवायचा.
तो कोळसा वर्षभर जपतात.
यावर मी हसलो नाही.
जुन्या भट्टीची चिमूटभर राख टाकल्याबगर
मीही कधी धाव तापवली नाही.

यंदा येळवस तिच्या रात्रीच्या दोन दिवस आधी आली.
कासारशिरसीत दाराला कुलूप नाही असं घर नव्हतं.
मला शेत नाही. ज्याला शेत नाही
त्याला कुणीतरी आपल्या शेतात नेतंच.
पन्नास वर्षं मी काशिनाथ बिराजदाराच्या कोपीपाशी जेवतो,
गाडी होती तोवर हक्कानं,
ट्रॅक्टर आल्यापासून जरा कमी बोलून.

कोपीत चुना फासलेले पाच दगड,
भज्जी, उंडे, बिंदग्यात आंबील.
अर्थ कुणालाच न कळणारा तो कानडी पुकारा करत
पोरं आंबील शिंपत शेताभोवती फिरली.
तिन्हीसांजेला हेंडगा पेटला.
हरभऱ्याच्या कडेकडेनं आग पळत गेली,
खाली एका पोराचे अनवाणी पाय.
फोन उंच धरून मी लेकीला दाखवत होतो
तेव्हाच रेंज गेली.
शेवटचं चित्र अडकून राहिलं:
ग्वेनची खिडकी, बाहेर दुपार,
तरी आत मेणबत्ती लागलेली.

पौषात बाभळीचा तुकडा घेऊन बसलो.
हातभर चाक. आठ आरे, चार पुट्ठे, वर बारीक धाव.
तीन वर्षांतलं माझं पहिलं चाक.
एक आरा किंचित तिरपा बसला.
तो ऑक्टोबरचा की डिसेंबरचा, सांगता येत नाही,
फिरवलं की कोणताही होतो.
तुंब्याच्या भोकात चिंधीत बांधून
हेंडग्याचा कोळसा दडपला.

निलंग्याला कुरिअरच्या पोरानं काट्यावर ठेवलं.
दोन किलो शंभर. काय आहे, काका?
वर्ष, म्हणलो.
त्यानं लिहिलं: लाकडी सामान, जुने.
नवं आहे, मी म्हणलो.
खोडलं नाही त्यानं.